वेग स्थिर धरायचा की त्वरण?

ट्रॅकिंगच्या, म्हणजे व्हिडिओतल्या वस्तूंचा माग ठेवण्याच्या कामाला नवीन लागलो तेव्हा एक गोष्ट फार खटकायची. व्हिडिओतली गाडी ब्रेक मारते, वळते, आणि आमचा कॅल्मन फिल्टर (वस्तू पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधून, मोजमाप आलं की तो सुधारणारं गणित) मात्र तिचा वेग स्थिर धरून बसलेला. मी उत्साहाने त्यात त्वरण घातलं. ट्रॅक सुधारायचा सोडून थरथरायलाच लागला.

हिशेब नंतर केला; आधी करायला हवा होता. गाडीचं २ मी/से² त्वरण सरळ सोडून दिलं, तर सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेममागे चूक होते ½ × २ × (१/३०)², म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर. डिटेक्टरचा, म्हणजे फ्रेममध्ये गाडी शोधणाऱ्या प्रोग्रॅमचा, गाडीभोवतीचा बॉक्स दर फ्रेमला ५ सेंटिमीटर इकडेतिकडे होत असेल, तर त्या मिलिमीटरची काय कथा! उलट लागोपाठच्या तीन फ्रेमवरून थेट त्वरण काढायला जा, त्याच ५ सेंटिमीटरची चूक ११० मी/से² च्या घरात जाते. फिल्टर ती बरीच दाबतो, पण सगळी नाही.

गाडी ट्रकमागे ३ सेकंद दिसेनाशी झाली, की मात्र तेच २ मी/से² तब्बल ९ मीटरला पडतं. मग तिथे तरी त्वरण धरावं? माझी एक गाडी ब्रेक लावत ट्रकमागे गेली आणि थांबली. मॉडेलने ब्रेक चालूच ठेवला; स्क्रीनवर गाडी उलटी धावू लागली. तेव्हापासून वस्तू दिसत नसताना मी त्वरण हळूहळू शून्याकडे नेतो.

‘स्थिर वेग’ म्हणजे वेग बदलतच नाही असं नव्हे. तो किती बदलू शकतो हे फिल्टरला ‘प्रोसेस नॉइज’ नावाच्या आकड्यातून सांगायचं असतं. नवखी मंडळी तो आकडा इतका लहान ठेवतात की वळणावर ट्रॅक नाकासमोर निघून जातो. मोजमाप वजा अंदाज, याचा आलेख काढा. शून्याच्या दोन्ही बाजूंना नाचत असेल तर मॉडेल बदलू नका. सलग एकाच बाजूला राहिला तर मॉडेल मागे पडतंय. वळणावर तर स्थिर त्वरणही पुरत नाही, कारण त्याची दिशाच फिरत राहते. तिथे वळण्याचा दर धरणारं मॉडेल लागतं.

आणि हो, या सगळ्याआधी दोन फ्रेममधला वेळ तपासा. मी १/३० कोडमध्येच लिहून ठेवला होता. कॅमेरा अधूनमधून फ्रेम गाळत होता, आणि मी आठवडाभर त्वरणाला शिव्या घालत होतो.