कानाखालची गाठ: नव्या रेडिओलॉजी रेसिडेंटसाठी

जळगाव-धुळ्याकडे सोनोग्राफीला बसलात की मानेच्या गाठींना तोटा नाही. बहुतेक लिम्फ नोड, टीबीचे नाहीतर तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरचे. त्या गर्दीत लाळग्रंथीचा ट्यूमर अधूनमधूनच येतो, आणि नवखा त्यालाही नोड म्हणून मोकळा होतो. म्हणून नाव नंतर, आधी जागा पक्की करा.

लिनियर प्रोब कानाच्या पाळीखाली उभा धरा. पॅरोटिड, म्हणजे कानापुढची-खालची लाळग्रंथी, एकसारखी उजळ दिसते, गाठ त्यात काळसर. पॅरोटिडच्या आतही नोड असतात, त्यामुळे चरबीचा हायलम, म्हणजे नोडच्या मधला उजळ भाग, शोधाच; तो दिसला तर बहुधा नोड. पॅरोटिडमधल्या साधारण ८० टक्के गाठी साध्या असतात. जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र निम्म्याच्या आसपास कॅन्सर निघतात, जिभेखाली त्याहून जास्त.

गाठ कंगोरेदार आणि तिच्यामागे उजळ पट्टा असेल तर बहुधा प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, हा साधा ट्यूमर. एमआरआयच्या टी२ वर (पाणी पांढरं दाखवणारी प्रतिमा) ती लख्ख पांढरी दिसते. साठीचे बिडी ओढणारे बाबा, ‘काई दुखस नही’ म्हणतात, गाठ पॅरोटिडच्या शेपटाशी, आत पाण्याच्या पोकळ्या: वॉर्थिन, हाही साधा ट्यूमर. अशा वेळी दुसऱ्या बाजूलाही प्रोब लावा, तिकडेही एखादी निघते.

सोनोग्राफीची खरी अडचण डीप लोब, म्हणजे पॅरोटिडचा खोलवरचा भाग. जबड्याच्या हाडाची सावली पडते आणि मागचं काही दिसत नाही. पॅरोटिडमधून जाणारी चेहऱ्याची नसही सहसा दिसत नाही. तिच्या जागेचा अंदाज रेट्रोमँडिब्युलर (जबड्यामागच्या) शिरेवरून बांधायचा. गाठ शिरेच्या बाहेरच्या बाजूला की आतल्या, हे एक वाक्य सर्जनला तुमच्या चार संभाव्य निदानांपेक्षा जास्त कामाचं. गाठीचा खोलवरचा काठ दिसला नाही तर तसं स्पष्ट लिहा आणि एमआरआय सुचवा.

एमआरआयमध्ये सगळे कॉन्ट्रास्टकडे (शिरेतून औषध देऊन काढलेल्या प्रतिमांकडे) धावतात. मी आधी साधा टी१ बघतो. चरबी पांढरी, ट्यूमर काळा. कडा पुसट झाली की लगेच कळतं. स्टायलोमॅस्टॉइड छिद्राखालची (जिथून चेहऱ्याची नस कवटीबाहेर येते) चरबीही तिथेच तपासा, कारण ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा कॅन्सर नसेवरून सरकत कवटीपर्यंत जातो. बाकी साध्या-कॅन्सरचा निवाडा सुईच्या तपासणीवर, म्हणजे एफएनएसीवर सोडा. ती सोनोग्राफीखाली करून घ्या.

आणि प्रोबला जेल लावण्याआधी पेशंटला डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, म्हणजे चेहऱ्याची नस कमजोर झाली, तर गाठ कितीही गुळगुळीत दिसो, ‘साधी’ लिहू नका.