तेविसावा सोडियम

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला आलो तेव्हा मॅडमनी प्रकल्प दिला: ऑक्सिडेशननं बिघडलेला ग्वानिन हा बेस (डीएनएच्या चार 'अक्षरां'पैकी एक) डीएनएची रचना कशी बदलतो, ते संगणकावर बघायचं. बिघाड तरी केवढासा! आठव्या कार्बनवरच्या हायड्रोजनची जागा ऑक्सिजन घेतो आणि सातव्या नायट्रोजनला एक हायड्रोजन मिळतो. एवढ्यानं हा ८-ऑक्सोग्वानिन साखरेभोवती उलटा फिरून 'सिन' होऊ शकतो, आणि नेहमीचा जोडीदार सायटोसिन सोडून अ‍ॅडेनिनशी जोडी जमवतो. दुरुस्ती झाली नाही तर ग्वानिनच्या (जी) जागी कायमचा थायमिन (टी) येतो.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी प्रोटीन डेटा बँक या रेणूंच्या रचनांच्या संग्रहातला १बीएनए हा १२ जोड्यांचा डीएनएचा तुकडा घ्यावा. टोकाच्या जोड्या सुटत राहतात, म्हणून मी बिघाड आत, चौथ्या जागेवर ठेवला आणि समोर अ‍ॅडेनिन बसवला. 'सिन' मांडणी सुरुवातीलाच हातानं करावी लागते. छोट्या रनमध्ये (रन म्हणजे रेणूच्या हालचालींची संगणकावरची नक्कल) बेस आपोआप उलटेल म्हणून थांबू नका. शेजारी बिनबिघाडाच्या डीएनएचाही रन हवाच, नाहीतर फरक कशाशी ताडणार?

खरं जिकिरीचं काम म्हणजे अणूंवरचे विद्युतभार. नेहमीच्या चार बेसचे आकडे अँबर या प्रोग्रॅममध्ये तयार मिळतात, बिघडलेल्याचे आपण काढायचे. राजारामपुरीतल्या खोलीवर रात्री मी ते काढत होतो. गणित चालेना, म्हणून बेसचा एकूण भार उणे एक दिला. लगेच चाललं. पुढं तीन दिवस रन, आणि जोडी सारखी उघडत होती. हाच नवा निष्कर्ष, असं समजून मी आलेख घेऊन मॅडमकडं गेलो.

त्यांनी आलेख बाजूला ठेवला. "सोडियम किती घातलेस?"

"२३. प्रोग्रॅमनंच घातले."

"१२ जोड्या, दोन्ही धाग्यांत ११-११ फॉस्फेट. बेरीज कर की."

२२. दर फॉस्फेटचा भार उणे एक, आणि तो फेडायला एक अधिक भाराचा सोडियम. जादाचा सोडियम माझ्या उणे एकसाठी आला होता, आणि तो उणे एक सातव्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन द्यायचा राहिल्यामुळं. अ‍ॅडेनिनला धरून ठेवणारा एक बंध त्याच हायड्रोजनचा असतो!

प्रोग्रॅमनं कुठंच चूक दाखवली नव्हती. आता रन लावण्याआधी मी फॉस्फेट कागदावर मोजतो, आणि तो हायड्रोजन स्क्रीनवर मोठा करून बघतो. दुरुस्त केलेल्या रनमध्ये जोडी टिकली.