गोव्याच्या कॅसिनोत पहिल्यांदा जाताय? आधी हिशोब समजून घ्या

नागपूरहून गोव्याचा प्लॅन ठरला की ग्रुपमधला कोणीतरी कॅसिनोचं काढतेच, कारण आपल्या महाराष्ट्रात कॅसिनो नाही, १९७६ चा एक कायदा होता पण तो कधी लागूच झाला नाही अन् २०२३ मध्ये रद्द करून टाकला. मंग पणजीत मांडवी नदीतली जहाजं आहेत. वय २१ पूर्ण पाहिजे, आयडी सोबत ठेवा.

आता मेन गोष्ट, कॅसिनो कमावते कसा. रूलेटमध्ये फिरत्या चाकात गोळी कोणत्या घरात थांबते त्यावर पैसे लावतात. चाकात १ ते ३६ आकडे, अर्धे लाल अर्धे काळे, अन् एक शून्य, म्हणजे ३७ घरं. आकडा लागला तर लावलेल्याच्या ३५ पट मिळते अन् लावलेले परत. समजा तुम्ही प्रत्येक घरावर १०० लावले, गेले ३७००, आले ३६००. ते १०० कॅसिनोचे, यात फसवणूक काहीच नाही, हिशोबच तसा बसवलेला आहे. लाल-काळ्यावर लावा की आकड्यावर, लावलेल्या दर शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे तिकडेच राहतात, अन् दोन शून्यवालं चाक असलं तं सव्वापाच, म्हणून बसायच्या आधी शून्य मोजा. बॅकरॅट हा पत्त्यांचा खेळ, त्यात प्लेयर अन् बँकर या दोन बाजूंपैकी कोण जिंकते किंवा टाय म्हणजे बरोबरी होते का, यावर लावतात. तिथं बँकरवर हाच कट शंभरामागे एक रुपयाच्या जरासा वर आहे अन् टायवर १४ च्या वर, आठपट दिसते म्हणून लोक टायवर लावतात, नका लावू.

मागचे आकडे दाखवणारा बोर्ड पाहून सिस्टीम काढू नका. सलग सहा वेळा काळं आलं तरी लालचा चान्स ३७ पैकी १८ च राहते भाऊ.

कट प्रत्येक डावाला लागते, म्हणून तुम्ही जास्त वेळ बसावं यातच त्यांचा फायदा आहे, जेवण, ड्रिंक्स, गाणी-डान्स सगळं त्याच्यासाठीच असते. मी तं म्हणतो तेच मस्त एन्जॉय करा, अन् खेळायचे पैसे जामठ्याच्या मॅचच्या तिकिटासारखे धरा, गेले म्हणजे गेले. तेवढे वेगळे काढा, कार्ड रूमवरच ठेवा, सगळ्यात कमी मिनिमम बेटचं, म्हणजे एका डावाला कमीत कमी पैसे लावावे लागतात असं टेबल पकडा.

टॅक्सही पहा, २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४०% आहे अन् जिंकलेल्यावर इन्कम टॅक्स ३०%, त्यातून हरलेले वजा होत नाहीत. एंट्रीच्या पॅकेजमध्ये मिळणाऱ्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी खेळायची टोकनं, बहुतेक फक्त खेळायलाच चालतात, कॅश होत नाहीत, एंट्रीलाच विचारून घ्या, अन् बाकीच्या चिप्स निघायच्या आधी कॅश काउंटरवर देऊन पैसे घ्या.