जुनी रॉक आणि पॉप गाणी नव्याने कशी ऐकावीत

साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील गाणी पुन्हा ऐकण्यासाठी बहुतेक जण लोकप्रिय गाण्यांची एखादी तयार यादी लावून देतात आणि मग एकामागून एक गाणी कानांवरून निघून जातात. आठवणी जाग्या होतात, पण गाणे हाती लागत नाही. ज्यांना ही गाणी खरोखर समजून घ्यायची आहेत त्यांनी एका बैठकीत एकच गाणे निवडावे, ते तीन-चार वेळा ऐकावे आणि दर वेळी कानाला एकच काम द्यावे. ही गाणी जितकी गायकांनी घडवली, तितकीच ती ज्या खोलीत, ज्या यंत्रांवर आणि ज्या मर्यादांमध्ये मुद्रित झाली त्यांनीही घडवली आहेत, आणि त्या सगळ्याच्या खुणा ध्वनिमुद्रणात आजही स्पष्ट ऐकू येतात.

आपण मूळ ध्वनिमुद्रणच ऐकत आहोत ना, याची खात्री आधी करून घ्यावी. अनेक कलाकारांनी आपली गाजलेली गाणी पुढे पुन्हा मुद्रित केली आहेत आणि ती त्याच नावाने, बहुधा स्वस्त संग्रहांतून, सर्वत्र उपलब्ध असतात. म्हणून गाण्याच्या नावाबरोबर वर्ष आणि मूळ अल्बमचे नावही पाहावे. साठच्या दशकातील गाण्यांसाठी मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) की स्टीरिओ (दोन कानांत वेगवेगळा आवाज) हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या 1967 च्या अल्बमचे मोनो मिश्रण, म्हणजे मुद्रित केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याचे काम, होत असताना बीटल्स स्वतः हजर होते, तर स्टीरिओ मिश्रण त्यांच्या गैरहजेरीत आणि तुलनेने घाईने उरकले गेले. त्यांची अगदी सुरुवातीची गाणी तर दोनच ट्रॅकच्या (आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्यांच्या) टेपवर मुद्रित झाली होती, त्यामुळे त्यांच्या जुन्या स्टीरिओ आवृत्त्यांत वाद्ये एका कानात आणि गायन दुसऱ्या कानात ऐकू येते. हा दोष अभ्यासासाठी मात्र फार उपयोगी आहे: हेडफोनची एक बाजू कानावरून काढली की साथसंगत जवळजवळ सुटी होऊन समोर येते. रीमास्टर केलेल्या, म्हणजे जुन्या मुद्रणावर नव्याने ध्वनिसंस्कार केलेल्या, आवृत्तीची मूळ आवृत्तीशी तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणावा, कारण मोठ्याने वाजणारी आवृत्ती कानाला नेहमीच सरस वाटते.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू. पहिल्या फेरीत गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त बास गिटारच्या (खालचे, जाड स्वर वाजवणाऱ्या गिटारच्या) मागे जावे. मार्विन गे याचे 1971 मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे शीर्षकगीत यासाठी उत्तम आहे. त्यात जेम्स जेमर्सनची बास गिटार ठेका धरून बसत नाही. ती दोन ठोक्यांच्या मधल्या जागेतून पुढे सरकते, गायकाने श्वास घेतला की तिथे छोटी ओळ गुंफते आणि तो गाऊ लागताच मागे हटते. डेट्रॉइटमधील मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेमर्सन आणि त्याच्या ‘फंक ब्रदर्स’ या वादकसमूहातील सहकाऱ्यांनी वादन केले, पण अल्बमवर या वादकांना श्रेय मिळू लागले ते याच अल्बमपासून. इतकी वर्षे ज्यांचे वादन जगाने ऐकले त्यांची नावे जगाला ठाऊक नव्हती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

दुसऱ्या फेरीत खोली ऐकावी. लेड झेपलिनचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (1971) सुरू होताच जॉन बॉनमचे ड्रम ज्या प्रचंड आवाजात येतात, तो आवाज हेडली ग्रेंज या इंग्लंडमधील जुन्या वास्तूच्या जिन्याचा आहे. ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले होते. म्हणून प्रत्येक ठोका आधी उमटतो आणि मग वर चढत गेल्यासारखा घुमतो. यानंतर लगेच फिल कॉलिन्सचे ‘इन द एअर टुनाइट’ (1981) लावावे. त्यात सुरुवातीला बराच वेळ ठेका ड्रम मशीन धरते आणि सुमारे 3 मिनिटे 40 सेकंदांनी खरे ड्रम कोसळतात. इथेही आवाज मोठा आहे, पण त्याचा घुमारा हळूहळू विरत नाही, मध्येच कापल्यासारखा थांबतो. घुमारा एका पातळीखाली जाताच इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तो बंद करते. ऐंशीच्या दशकातील शेकडो गाण्यांवर या एका युक्तीचा ठसा आहे. ही दोन गाणी लागोपाठ ऐकली की त्या दहा वर्षांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

तिसऱ्या फेरीत सांधे शोधावेत. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ (1967) या गाण्यात निराळ्या पट्टीतल्या आणि निराळ्या लयीतल्या दोन मुद्रणांचा जोड आहे. जॉन लेननला एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा उरलेला भाग हवा होता, म्हणून निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग बदलून दोन्ही जुळवले. सुमारे एका मिनिटानंतर लक्ष देऊन ऐकल्यास आवाजाचा पोत एकदम जड होतो आणि चेलो व ट्रम्पेट पुढे येतात. सांधा तिथेच आहे. तो एकदा सापडला की पुढे प्रत्येक वेळी ऐकू येतो.

एकाच गाण्याची दोन रूपे शेजारी ठेवणे हा मला सर्वांत फलदायी वाटणारा मार्ग आहे. ऑटिस रेडिंगने 1965 मध्ये लिहिलेले आणि गायलेले ‘रिस्पेक्ट’ ही घरी परतणाऱ्या पुरुषाची मागणी आहे. अरीथा फ्रँकलिनने 1967 मध्ये तेच गाणे स्त्रीच्या बाजूने गायले, शब्दाची अक्षरे सुटी करून म्हणण्याचा तो प्रसिद्ध भाग घातला, आपल्या बहिणींचे स्वर मागे ठेवले, आणि विनवणीच्या जागी हक्क आला. प्रथम रेडिंगचे रूप ऐकावे आणि मगच फ्रँकलिनचे, म्हणजे तिने नेमके काय बदलले हे कळते.

गाण्याचे शब्द शेवटी वाचावेत, कारण आधी वाचले तर कान अर्थाच्या मागे धावतो.

एवढा सराव झाल्यावर पूर्ण अल्बम घ्यावा आणि तो मूळ क्रमानेच ऐकावा. एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटे मावत असल्याने प्रत्येक बाजूला स्वतःची सुरुवात आणि शेवट असे. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (1973) मध्ये पहिली बाजू क्लेअर टॉरीच्या शब्दहीन गायनाने संपते आणि तबकडी उलटल्यावर नाण्यांच्या खणखणाटाने ‘मनी’ सुरू होते. आज फाइलवर ऐकतानाही तिथे थोडा वेळ थांबावे. नाण्यांचे ते आवाज टेपचे तुकडे जोडून केलेल्या वेटोळ्यातून येतात आणि सात मात्रांचे आवर्तन बांधून देतात. त्या सात मात्रा बोटांवर मोजत राहाव्यात. सॅक्सोफोननंतर गिटार येताच मोजणी चुकू लागेल, कारण तेवढ्या भागापुरते गाणे चार मात्रांत जाते आणि गिटारचा एकल भाग संपल्यावर पुन्हा सातांवर येते.