समुपदेशनाचा गृहपाठ: विचारांतला ‘च’ कसा शोधावा

आपण अडचण सांगायची आणि समुपदेशकाने तोडगा द्यायचा, अशा अपेक्षेने अनेक जण पहिल्या सत्राला जातात आणि तोडगा न मिळाल्याने दुसऱ्या सत्राला जात नाहीत. वास्तविक आठवड्यातला तो पाऊण-एक तास हा कामाचा लहानसा भाग असतो, आणि उरलेले काम मधल्या दिवसांत एका साध्या वहीत करावे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती यासाठी विशेष उपयोगी पडते. आपल्याला त्रास होतो तो केवळ घटनेमुळे नव्हे, तर त्या घटनेविषयी आपण मनाशी जे बोलतो त्यामुळे, हे तिचे मुख्य सूत्र आहे.

वहीत प्रथम घटना लिहावी, आणि ती पंचनाम्यासारखी कोरडी असावी. ‘भाऊबीजेला भावाने माझा अपमान केला’ ही घटना नव्हे. ‘भाऊबीजेच्या दिवशी रात्री दहापर्यंत भावाचा फोन आला नाही’ ही घटना होय. त्यानंतर परिणाम लिहावा: कोणती भावना आली, शून्य ते दहा या मापावर ती किती तीव्र होती आणि आपण काय केले, उदाहरणार्थ, जेवलो नाही किंवा अबोला धरला. या दोहोंच्या मधली जागा विचारांसाठी सोडावी. ती सर्वांत शेवटी भरावी, कारण विचार पकडणे सर्वांत अवघड असते.

येथे मराठी भाषा मोठी मदत करते. ‘त्याने फोन करायलाच हवा होता’, ‘हे मला सहनच होत नाही’, ‘माझी कोणाला किंमतच नाही’ या तिन्ही वाक्यांत ‘च’ आहे: पहिल्यात तो हट्ट दाखवतो, दुसऱ्यात सहनशक्तीविषयीचा गैरसमज, तर तिसऱ्यात एका प्रसंगावरून स्वतःच्या संपूर्ण मोलाविषयी दिलेला निकाल. (प्रत्येक ‘च’ दोषी नसतो, ‘मी घरीच होते’ यातला ‘च’ निरुपद्रवी आहे.) सापडलेल्या वाक्याला तीन प्रश्न विचारावेत: याला पुरावा काय, हे तर्काला धरून आहे का, आणि असे मानल्याने माझे भले होते का? मग पर्यायी वाक्य लिहावे: ‘त्याने फोन करावा अशी माझी तीव्र इच्छा होती, त्यामुळे मला वाईट वाटले, पण त्याने माझ्या इच्छेप्रमाणे वागावे असा काही नियम नाही.’ यात वाईट वाटणे पुसलेले नाही, हे लक्षात घ्यावे. संतापाच्या जागी नाराजी आली, आठाचा आकडा चारवर उतरला, तरी पुष्कळ झाले. ‘सकारात्मक विचार करा’ या सरधोपट सल्ल्याहून ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, ती याचमुळे.

मात्र घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर स्वतःच्या विचारांतला दोष शोधत बसू नये. तेथे आधी सुरक्षितता आणि कायद्याची मदत हवी. झोप, भूक आणि कामावरील लक्ष दोन आठवडे बिघडलेले राहिल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, कारण ते डॉक्टर असल्याने औषधे देऊ शकतात. समुपदेशक देऊ शकत नाहीत. जीव नकोसा वाटत असेल, तर सत्राची वाट न पाहता शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालू असते.

समुपदेशक निवडताना त्यांचे शिक्षण, उपचारपद्धती आणि शुल्क पहिल्या भेटीत निःसंकोच विचारावे. आपले बोलणे गुप्त राहील का आणि कोणत्या प्रसंगी राहणार नाही, हेही तेव्हा स्पष्ट करून घ्यावे. जिवाला धोका असल्यास गुप्ततेला अपवाद असतो.

पुढच्या सत्राला जाताना वहीतली एकच नोंद निवडावी, आणि शक्यतो अशी निवडावी की जिच्यातले पर्यायी वाक्य आपण लिहिले खरे, पण ते आपल्याला अजून पटलेले नाही.