लग्नाच्या जुन्या सीडीतून शूटिंग काढताना

कपाटातली ‘लग्नाची सीडी’ खरोखर सीडी आहे का, हे आधी पाहा. २००३ च्या सिंहस्थाच्या आगेमागे झालेली शूटिंगं व्हीसीडीवर (म्हणजे व्हिडिओ साठवलेल्या सीडीवर) असण्याचा संभव जास्त, नंतरची डीव्हीडीवर. चकतीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘डॅट’ फाइल दिसली तर ती व्हीसीडी. ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर आणि त्यात जास्तीत जास्त एक-एक जीबीच्या ‘व्हीओबी’ फाइली दिसल्या तर डीव्हीडी. दोघींची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: चकती वाचायचं काम आणि व्हिडिओ बनवायचं काम एकत्र करू नका. व्हिडिओ बनवणाऱ्या ‘हँडब्रेक’ प्रोग्रामला थेट चकतीवर सोडलं की खराब जागी तो अडकतो. ड्राइव्ह तिथेच घरघरत बसतो आणि तासाभराने हाती अर्धवट फाइल येते. आधी चकतीतला सगळा माल हार्ड डिस्कवर उतरवा, मग चकती कव्हरमध्ये ठेवून द्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. माहिती गोल रेषेत लिहिलेली असते. मध्यापासून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्रत्येक फेरीतला थोडाच भाग खातो आणि तेवढं ड्राइव्ह हिशोबाने भरून काढतो. गोल ओरखडा मात्र एकाच रेषेचा लांब तुकडा खातो, तो भरून निघत नाही. गोदावरीच्या पुराचं पाणी घरात शिरून चकत्या भिजल्या असतील तर कापड लावूच नका. तो गाळ म्हणजे पॉलिश पेपरच. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून चकती बुडवा, गाळ सुटू द्या, धुवा आणि सावलीत उभी वाळवा.

सीडी उजेडासमोर धरून पाहा. तिचा चमकता थर छापील बाजूच्या वार्निशखालीच असतो, त्यामुळे त्या बाजूने टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथली माहिती गेली. खालून कितीही पॉलिश केलं तरी ती परत येणार नाही. वर कागदी स्टिकर असेल तर सोलू नका, थरही सोबत निघतो. डीव्हीडीचा थर ०.६ मिमीच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असतो, म्हणून वरचे ओरखडे तिला फारसे बाधत नाहीत.

आता ड्राइव्ह. लॅपटॉपला लावायच्या पातळ यूएसबी ड्राइव्हला एका पोर्टची वीज कधीकधी पुरत नाही. चकती फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरते, असं झालं तर दोन तोंडांची केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा. डेस्कटॉपमधला जुना पूर्ण आकाराचा रायटर मिळाला तर उत्तम. एका ड्राइव्हला न वाचलेली चकती दुसरा वाचतो, हे इतक्यांदा होतं की निदान दोन ड्राइव्ह पाहिल्याशिवाय हार मानू नये. वेग डीव्हीडीसाठी ४ एक्स, सीडीसाठी ८ एक्स एवढा कमी ठेवा. पावसाळ्यात गारठलेल्या खोलीतून आणलेली चकती लगेच आत घालू नका, अर्धा तास बाहेर राहू द्या.

डीव्हीडीसाठी लिनक्सवरचा ‘डीडीरेस्क्यू’ वापरा, तो सगळ्या चकतीची एक प्रत म्हणजे ‘इमेज’ फाइल बनवतो. ब्लॉक २०४८ बाइटचा ठेवा आणि सोबत मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) द्याच. पहिल्या फेरीत खराब जागा खरवडत न बसता सोपं ते सगळं उचलायचं. दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागी तीन प्रयत्न. मग तीच इमेज आणि मॅप फाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर. मॅप असल्याने तो फक्त उरलेल्या जागाच वाचतो. डीव्हीडीत चुकांची दुरुस्ती ३२ केबीच्या गटाने होते, म्हणून एक गट गेला तर ५ एमबीपीएसच्या व्हिडिओत सेकंदाचा विसावा भाग जातो. पण एका की-फ्रेमवर (पूर्ण साठवलेल्या चित्रावर) १२ ते १५ फ्रेम टेकलेल्या असल्याने पडद्यावर अर्धा सेकंद चौकोन उडताना दिसतात. मंगलाष्टकांत एवढं चालून जातं.

व्हीसीडीत ‘सायक्लिक रिडंडन्सी’ची (माहिती नीट वाचली न गेल्याची) चूक आली की कॉपी तिथेच तुटते. व्हिडिओला जास्त जागा मिळावी म्हणून त्या सेक्टरांत २३२४ बाइट भरलेले असतात आणि दुरुस्तीचा जादा थर काढून टाकलेला असतो. त्यामुळे वरची २०४८ ची युक्ती इथे लागू नाही. विंडोजवर ‘आयसोबस्टर’ या प्रोग्रामने एमपीईजी (व्हिडिओच्या) फ्रेम वेगळ्या काढा, लिनक्सवर ‘व्हीसीडीएक्सरिप’ चालतो. डॅट फाइल धड कॉपी झाली तर व्हीएलसी प्लेअर ती तशीच वाजवतो.

चकती ‘रिकामी’ दिसते, पण खालच्या बाजूला मध्याजवळ वेगळ्या रंगाचं कडं आहे? मग ती रिकामी नाही, रेकॉर्डरवर फायनलाइज करायची (लिहून झाल्यावर बंद करून इतरत्र चालेल अशी करायची) राहिली आहे. विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा. ज्या रेकॉर्डरने किंवा कॅमेऱ्याने लिहिली त्यातच फायनलाइज करा. तो उरला नसेल तर आयसोबस्टरमधून माल काढता येतो.

आवाज हळूहळू मागे पडतोय? बहुधा व्हीओबी फाइली नुसत्या एकापुढे एक जोडल्या आहेत. प्रत्येक तुकड्याचं घड्याळ वेगळं असू शकतं. इमेज ‘मेकएमकेव्ही’ या प्रोग्राममध्ये उघडा. तो तुकड्यांचा क्रम सांगणारी आयएफओ फाइल वाचून क्रम लावतो आणि दर्जा न घालवता एमकेव्ही देतो. एखादा छोटा तुकडा यादीत नाही असं वाटलं तर सेटिंगमधली किमान लांबी पाहा. ती मुळात १२० सेकंद असते, १० करा.

वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर तो इंटरलेस व्हिडिओ, म्हणजे एका चित्राच्या एकाआड एक रेघांचे दोन भाग (फील्ड) वेगवेगळे साठवलेले. हँडब्रेकमध्ये रेघा घालवणारा ‘याडिफ’ फिल्टर बॉब पद्धतीने (प्रत्येक फील्डची एक फ्रेम) लावा आणि फ्रेमरेट ५० ठेवा. हालचाल पुढे-मागे थरथरायला लागली तर फील्डचा क्रम उलटा आहे. मिनीडीव्ही कॅमेऱ्यावरून आलेल्या शूटिंगमध्ये खालचं फील्ड आधी असतं. नवरा-नवरी आडवे पसरलेले दिसले तर प्रमाण ४:३ करा, ७२० बाय ५७६ चं चित्र ७६८ बाय ५७६ दिसायला हवं. व्हीसीडीच्या ३५२ बाय २८८ ला रेघा घालवायची गरज नाही, प्रमाण मात्र तिथेही ४:३ च ठेवा आणि ते मोठं करून साठवू नका. हँडब्रेकमधल्या एक्स२६४ या व्हिडिओ-एन्कोडरला गुणवत्ता १८ ते २० ठेवा आणि मॅप फाइलमध्ये जिथे जिथे खराब सेक्टर नोंदले गेले, त्या जागा चालवून बघितल्यावरच इमेज पुसायची की नाही ते ठरवा.