उलटीच्या औषधानं मान वाकडी झाली तर काय करावं

ओकाऱ्या थांबाव्यात म्हणून घेतलेल्या औषधानं काही जणांची मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर चढून तिथेच अडकतात, जीभ बाहेर येते, जबडा वाकडा होतो, कधी पाठीची कमान होते. मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात झाडा-ओकारीचे पेशंट वाढले की त्यांच्या मागोमाग असाही एखादा पेशंट येतोच. योग्य सुई मिळाली तर हा त्रास बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतो. तरीही लेकरू रात्रभर भगतापुढे बसवलं जातं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

यामागची मुख्य औषधं दोन. मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म वगैरे, आणि प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल वगैरे. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून त्यानं असं क्वचित होतं, पण तान्ह्या बाळांत होऊ शकतं. मेंदूत हालचाल सांभाळणारी दोन रसायनं बैलजोडीसारखी सोबत चालतात, डोपामिन आणि ॲसिटिलकोलिन. ही औषधं डोपामिनला अडवतात. एक बैल अडला की दुसरा गाडी आपल्याकडे ओढतो, आणि मान वळते. उपचाराची सुई त्या दुसऱ्या बैलाला आवरते. लहान मुलं, शाळा-कॉलेजच्या वयाची पोरं आणि तिशीच्या आतल्या मुली यांना धोका जास्त. एकाच डोसानंही होतं, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत.

ओळखायचं कसं

सगळी मेख इथेच आहे. सुई कोणीही देईल, पण दुखणं ओळखलंच नाही तर सुई निघणार कुठून? मलाही हे नीट जमायला वेळ लागला, कारण घरच्यांना "काही औषध दिलं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "नाही जी, गोयी-बियी काई नाही देल्ली." आणि ते खोटं नसतं. काल गावातल्या डॉक्टरकडे सुई घेतली, ती त्यांच्या हिशेबात गोळी नसते. सलाईनमधून काय सोडलं ते कोणी सांगितलेलंच नसतं. मेडिकलमधून आणलेली पोटाची पुडी औषधात धरत नाहीत.

म्हणून प्रश्न असा विचारा: "गेल्या चार-पाच दिवसांत ओकारी, मळमळ, चक्कर, गॅस यासाठी काय काय दिलं? सुई? सलाईन? पातळ औषध? आणि कोणत्या चमच्यानं?" चमच्याचा प्रश्न सोडू नका. औषधाच्या झाकणाऐवजी घरातल्या मोठ्या चमच्यानं दिलं की लेकराच्या पोटात जास्त डोस जातो. मग पाकीट मागा. मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कापून देतो आणि नाव उरलेल्या तुकड्यावर राहतं. अशा वेळी दुकानात माणूस पाठवून नाव लिहून आणा. गोळ्या घेताना नाव असलेला तुकडाच मागायची सवय लावली तर हा हेलपाटा वाचेल.

आता दुसऱ्या दुखण्यांपासून हे वेगळं कसं काढायचं. फिट आलेल्या माणसाला बहुधा शुद्ध नसते. अंग झटके देतं, कधी लघवी होते, नंतर तो गळून झोपतो. इथे पेशंट पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला ऐकू येतं, हाक मारली की तो हातानं खुणा करतो, दुखतं म्हणून रडतो, फक्त बोलणं लडबडतं. ही एक खूण पक्की लक्षात ठेवा. एका मुलीचे डोळे वर अडकलेले होते, बुबुळं जवळजवळ दिसत नव्हती. मी म्हटलं, "बाई, माझा हात दाब." तिनं लगेच दाबला. फिटमध्ये बहुधा असं होत नाही.

धनुर्वात हळूहळू चढतो. आधी जबडा, मग मान आणि अंग कडक होतं, आवाजानं किंवा स्पर्शानं आचके येतात, आणि बरेचदा मागे जखम असते. औषधाचा त्रास अचानक सुरू होतो, थोडा उतरतो, परत चढतो, आणि ओढ बहुधा एका बाजूला असते.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी तपासाव्याच लागतात. पहिली म्हणजे मण्यार. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं, ओकारी होते म्हणत उठला तर दंश दिसला नाही तरी मण्यारचा संशय घ्या. तिच्या विषानं पापण्या खाली पडतात आणि मान लुळी पडते. औषधाच्या त्रासात डोळे वर चढतात, मान ताठ असते. दुसरी म्हणजे फवारणी. 2017 साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. फवारून आलेल्या माणसाला ओकाऱ्या, दरदरून घाम, तोंडाला फेस, बारीक झालेली बाहुली आणि स्नायूंची थरथर असेल, तर त्याला उलटीची गोळी देत बसू नका, थेट दवाखाना गाठा. फक्त लाळेवर जाऊ नका. जबडा अडकलेल्या पेशंटचीही लाळ गळते, कारण त्याला गिळता येत नाही.

आणि तरुण पोरीची मान वाकडी दिसली की "नाटकं करते", "बाहेरचं झालं", "अंगात आलं" म्हणणाऱ्यांना बाजूला करा. लक्ष दुसरीकडे गेलं की त्रास थोडा उतरतो, म्हणून लोकांना ते सोंग वाटतं. ते सोंग नाही.

घरी काय करावं

उलटीचं औषध तिथेच थांबवा. कुशीवर झोपवा. तोंडात चमचा, पाणी, कांद्याचा रस काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. मान जोर लावून सरळ करू नका. सगळी पाकिटं पिशवीत घ्या आणि निघा. श्वास घेताना घुर्र असा आवाज येतो, आवाज बदलला, गळा आवळल्यासारखं वाटतं, ओठ निळसर पडले, तर घशाचे स्नायू अडकत आहेत असं समजा आणि 108 ला फोन करा. अंग कडक होऊन सोबत जोराचा ताप आणि भ्रम असेल तरी तसंच.

दवाखान्यात

डॉक्टर प्रोमेथाझिनची, म्हणजे फेनर्गनची सुई खोल स्नायूत देतात, मोठ्या माणसाला साधारण 25 ते 50 मिलिग्रॅम. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत, श्वास मंदावण्याचा धोका असतो. ती नसेल तर दुसरी औषधं असतात, कधी डायझेपाम लागतं. गावात कोणाकडे शिल्लक सुई आहे म्हणून घरी टोचून घेऊ नका.

खरा घोटाळा यानंतर होतो. मान सरळ झाली की लोक लगेच घरी जायला निघतात. सुईचा असर ओसरतो, मूळ औषध अंगात शिल्लक असतं, आणि रात्री अकराला मान परत वळते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत ते आणखी रेंगाळतं. म्हणून काही तास दवाखान्यातच थांबा आणि दोन-तीन दिवसांच्या गोळ्या लिहून घ्या. बहुधा ट्रायहेक्सीफेनिडिल, पॅसिटेन या नावानं मिळते. बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस घ्या. त्यानं तोंड कोरडं पडतं, झोप येते, तेव्हा गाडी चालवू नका.

मान वळत नाही, पण पेशंट बसतही नाही

सुई घेतल्यावर काही वेळात पेशंट उठतो, फेऱ्या घालतो, पाय हलवत राहतो, "जीवात जीव नाही, मले घरी न्या" म्हणत सलाईन उपसायला बघतो. नातेवाईक त्याला रागावतात. ही त्याच औषधाची बेचैनी आहे. मेटोक्लोप्रमाइड शिरेतून भसकन सोडलं की जास्त होते, म्हणून ते निदान तीन मिनिटं घेऊन हळू द्यायचं असतं. सिस्टरला लगेच सांगा, त्यावरही औषध आहे.

म्हातारी माणसं

इथे त्रास हळू येतो आणि सगळे वयावर ढकलतात. गॅसच्या गोळीत लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, चक्करेसाठी प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन चालू असतं, आणि तीच चिठ्ठी दाखवून घरचे महिनोन्‌महिने गोळ्या आणत राहतात. हात थरथरतो, पावलं घसटतात, चेहरा ठोकळ्यासारखा होतो. आजोबांची चाल बदलली असेल तर सगळ्या पट्ट्या डॉक्टरांपुढे ओता आणि कोणती बंद करायची ते विचारा. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून काही तोडू नका. औषध थांबल्यावर सुधारणा दिसायला आठवडे, कधी महिने लागतात.

ओठ चाटणं, जीभ आतबाहेर करणं, चघळल्यासारखं तोंड हलणं मात्र वेगळं. ते औषध थांबवूनही राहू शकतं, आणि पॅसिटेननं उलट वाढू शकतं. याच धोक्यामुळे 2009 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मेटोक्लोप्रमाइडवर ठळक इशारा छापायला लावला आणि 12 आठवड्यांपुढे ते टाळायला सांगितलं. 2013 मध्ये युरोपच्या नियंत्रकांनी आणखी कडक मर्यादा घातली: जास्तीत जास्त 5 दिवस, मोठ्यांना दिवसाला 30 मिलिग्रॅमपर्यंत, वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

पुढच्या वेळी

ओकारीत आधी ओआरएस, घोट घोट, लेकराला दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर. औषध लागलंच तर डॉक्टर बहुधा ऑन्डान्सेट्रॉन देतात, त्यानं मान वळणं फार क्वचित. ज्या औषधानं त्रास झाला त्याचं नाव केस पेपरवर लाल पेनानं लिहून घ्या, पट्टीचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ठेवा, आणि कोणीही सुई भरायला घेतली की टोचण्याआधी तो दाखवा.